दुसरी भिकू

शालिग्राम आबांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मुलाने, दीपकने, त्यांना पारोळ्याहून जळगावच्या एका दवाखान्यात आणलं. आबांचं विसरणं तीन-चार वर्षांपासूनचं. दीपकला ते कधी भाऊ म्हणत, कधी ओळखतच नसत. पण बायकोला, भिकुबाईला, ते कधी विसरले नव्हते. तिला त्याचा तोरा होता. बायाबायांत ती बोलूनही दाखवायची.

या दवाखान्यात विस्मरणाच्या रुग्णांसाठी वेगळा कक्ष केला होता. पांढऱ्या कपड्यांना माणसं बिचकतात म्हणून तिथल्या सिस्टर रंगीत साड्या नेसत. संडास ओळखू यावा म्हणून दारावर मोठं चित्र होतं, आणि घरच्या माणसाला दिवसभर जवळ बसायची मुभा होती. भिकुबाईला ते सगळं बरं वाटलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सोनल सिस्टर हिरव्या साडीत आत आली आणि आबांचा चेहरा फुलला.

"भिकू, कथी गयथी व तू?"

भिकुबाई उशाशीच बसली होती. "आठेच त शे मी," ती म्हणाली. आबांनी परक्या बाईकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि सोनलचा हात धरला.

सोनल धुळ्याकडची, अहिराणी तिच्या घरचीच. "पानी भराले गयथी," ती सहज म्हणाली. आबा निवांत झाले. सुई टोचून घेतली, कूस बदलू दिली.

व्हरांड्यात भिकुबाईने तिला गाठलं. "भिकू मी शे. त्यासले सांगत का नही तू?"

"सांगितलं तर घाबरतात, आजी. त्यांच्या मनात तुम्ही अजून विशीतल्याच आहात. हाक तुम्हालाच मारतात ते."

भिकुबाईला हे पटेना. हाक तिची आणि ओ देणारी दुसरीच. ती सोनलची लांब वेणी बघे, ताठ कंबर बघे. विशीत आपण तरी अशा कुठे होतो? कापूस वेचून काळवंडलेल्या, केसांत माती. आणि तेव्हा चार माणसांसमोर आबांनी असा हात कधी धरला नव्हता. तेच तिला जास्त झोंबत होतं.

आबांनी जेवण सोडलं. भाताचा घास आला की तोंड फिरवत. सोनलने विचारलं, "घरी कसे जेवतात आबा? काही सवय आहे का?"

भिकुबाईला माहीत होतं. बायको समोर आपलं ताट घेऊन बसल्याशिवाय या माणसाने घास उचलला नव्हता. सासू कुरकुरायची, तरी त्याने ही रीत सोडली नव्हती.

"माले काय माहीत," ती म्हणाली. "पहिलेथीन हट्टी शेतस."

सोनल गेल्यावर तिने घरचा डबा उघडला आणि स्वतःच आबांसमोर ताट घेऊन बसली. दोन घास खाल्ले. आबा मान खाली घालून म्हणाले, "तुमी जेवा, अक्का. मना घरनी येवाले शे."

सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी आबांचे ओठ फुटले, डोळे उघडायलाही त्यांना जड जाऊ लागलं. भिकुबाईने कापूस ओला करून ओठांवर फिरवला. मग उठून सोनलच्या टेबलाशी गेली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "त्यासना समोर बशीसन जेव. तवय जेवतीन."

भाकरी आणि वांग्याची भाजी भिकुबाईनेच दोन ताटांत वाढली. सोनल पलंगासमोर स्टूल घेऊन बसली. तिने घास घेतला, आबांनीही घेतला. भिकुबाई भिंतीला टेकून बघत होती. तिच्या हातची भाकरी त्या पोरीच्या तोंडात जात होती आणि आबा खाता खाता हसत होते. तिला उठून जावंसं वाटलं, तरी ती बसून राहिली.

आबा थांबले. सोनलला म्हणाले, "ती अक्का कवयनी उपाशी बशेल शे. तिले बी दे."

सोनलने अर्धी भाकरी पुढे केली. भिकुबाईने ती घेतली आणि खाल्ली.

सुटी मिळाली त्या दिवशी आबा सोनलला सोडेनात. "मी मांगून येसू," तिने समजावलं. दीपकने गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लावली.

"सिस्टर चांगली होती, माय," तो म्हणाला.

"हा. चांगली शे."

तिने आबांच्या पायांवर चादर ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. आबांनी तो राहू दिला. नजर मात्र मागच्या काचेकडे. भिकुबाईही एकदा मागे वळली. रस्त्यावर कोणी नव्हतं, तरी तिचा जळफळाट होतच होता.