रागिणीच्या रक्तातली राखणदारीण

मी रागिणीच्या रक्तातली एक पांढरी पेशी बोलतेय. हाडातल्या मज्जेत जन्मले. बाहेर पडले तेव्हा माझ्या पोटात जळजळीत रस ठासून भरलेला होता. अंगावर शत्रूची खूण चिकटवलेली होती. शत्रू म्हणजे शेंगदाणा. तोच का, हे आम्हाला कोणी सांगत नाही. ओळखायचं आणि तुटून पडायचं, एवढंच आमचं काम.

रागिणी सहा वर्षांची, परतवाड्याची. तिचं रक्त कानांतूनही फिरतं, म्हणून घरातलं सगळं मला ऐकू यायचं. लहानपणी चिक्कीच्या तुकड्यानं तिचा जीव घाबरा झाला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी शेंगदाणा कायमचा बंद केला. तेव्हापासून तिची आई गीतांजली तिच्यासाठी वेगळं रांधायची.

गीतांजलीच्या मोठ्या जाऊबाईंना, माणिकबाईंना, ते खपत नसे. "आमी काय पोट्टे वाढोले नाईत? दाने खाऊन कोनी मरते का?"

गीतांजली रागिणीला जाऊबाईंकडे ठेवून एका लग्नासाठी चांदूर रेल्वे गावी गेली. त्या दुपारी माणिकबाईंनी भरली वांगी केली, दाण्याचं कूट दाबून भरून.

रागिणीनं ताटाकडे पाहिलं. "मोठी माय, याच्यात दाने नाईत ना?"

"नाईत. खाय गुमान."

तिनं खाल्लं. थोड्याच वेळात शेंगदाणा रक्तात आला आणि मला भिडला. मी सगळा रस ओतला. माझ्यासारख्या असंख्य जणींनी ओतला. आम्हाला वाटलं, आपण पोरीला वाचवतोय. तिचा घसा आतून मिटत गेला.

"मोठी माय, मले श्वास नाई येऊन राहिला."

"नाटकं नको करू. पानी पे."

ती जमिनीवर कोसळली, तेव्हा माणिकबाईंनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रक्त घेता घेता विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

माणिकबाईंनी सांगितलं, "वरन-भात. दम्याचा तरास हाय तिले."

डॉक्टरांनी दम्याचे उपचार सुरू केले. दाण्याच्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन कपाटातच होतं. खरं कळलं असतं तर तेच दिलं असतं.

गीतांजली पोचली तेव्हा रागिणी थंड पडली होती. आई माणिकबाईंच्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुमी होत्या म्हून पोरगी दवाखान्यापर्यंत तरी आली."

माणिकबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी तिच्या खाटेजवळ, डॉक्टरांनी घेतलेल्या रक्ताच्या काचेच्या नळीत आहे, रस ओतून रिकामी. पोरगी गेली, आता हे रक्त कोण तपासणार? उद्या मला मोरीत ओततील. त्याआधी तिच्या आईला कोणीतरी एवढं सांगा, की तुझ्या लेकीनं खाण्याआधी विचारलं होतं.