दोष आढळला नाही

“किती झाल्या?” वायरमनने विचारले.

“अकरा. बारावी चालू आहे,” सुयांवरची नजर न काढता बाई म्हणाल्या.

ओळी लोकरीच्या होत्या. समोरच्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते, त्याखाली ‘कृपया थांबा’ असे लिहिले होते, आणि आवक-जावक विभागाच्या बाई गेली सहा वर्षे रोज सकाळी कृपया थांबत होत्या. पासवर्ड टाकायचा, पिशवीतून लोकर काढायची आणि विणायला लागायचे. वीस-बावीस ओळी झाल्या की संगणक उघडायचा. एवढ्या थांबण्यातून ऑफिसातल्या सहा जणांना मफलर मिळाले होते. वायरमनकडे दोन होते.

वायरमन म्हणजे ऑफिसचे संगणक सांभाळणारा माणूस. नोकरीला लागला तो वायरी ओढायला. पुढे सर्व्हर आले, सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या हाती आले, त्यालाही दोन बढत्या मिळाल्या. नावाला मात्र एकही मिळाली नाही.

बाईंच्या संगणकाचे त्याने काही करायचे बाकी ठेवले नव्हते. वायर बदलली, मेमरी वाढवली, दोनदा तर अख्खे यंत्रच नवे आणले. नवे यंत्रही पहिल्याच सकाळी जुन्याच्या वळणावर गेले. एकदा छत गळले म्हणून बाई दिवसभर सामानाची कोठी सांभाळणाऱ्या कोठीवाल्याच्या टेबलावर बसल्या, तर तिथला चांगला धडधाकट संगणकही त्यांच्या नावाने उघडायला पंचवीस मिनिटे घेऊन बसला.

“बाईंचा पायगुण, दुसरं काय!” कोठीवाला म्हणाला.

सगळे हसले. बाईही हसल्या. सर्वांत मोठ्याने वायरमन हसला.

मग नवे साहेब आले. त्यांनी हजेरीचे रजिस्टर कपाटात टाकले आणि फर्मान काढले की, ज्याचा संगणक ज्या वेळी उघडेल, तीच त्याची हजेरी. साडेनऊनंतर उघडला तर लेटमार्क, आणि तीन लेटमार्कांना एक रजा खलास. ऑफिसचे दार पहारेकरी सव्वानऊला उघडी. दारात सर्वांत आधी बाई उभ्या असत. सव्वानऊला त्या खुर्चीवर असत आणि संगणकाच्या मते त्या नऊ चाळीसला ऑफिसात येत.

बाईंनी तीस रजा साठवल्या होत्या. मुलगी दूरगावी, तिला सासू नाही, जावई बोटीवर, आणि पहिले बाळंतपण चार महिन्यांवर. मफलरांचे खाते बंद करून बाईंनी पांढऱ्या लोकरीचे झबले विणायला घेतले होते.

महिनाभराने त्या वायरमनच्या खोलीत आल्या.

“भाऊ, साहेबांना चार शब्द लिहून द्या. उशीर मशीन करतं, मी नाही, एवढंच. आठ रजा गेल्या माझ्या.”

“देतो की. आधी एकदा नीट बघतो,” वायरमन म्हणाला.

त्याने पाहिले. यंत्र उघडले, पुसले, मोजले, जोडले. यंत्र कुठेच वाकडे नव्हते. तो कागद पुढे घेऊन बसला. ‘संगणकास उशीर होतो, कारण समजत नाही’ असे लिहिले असते, तर ते बाईंच्या कामाचे झाले असते. पण त्याच महिन्यात साहेब सर्वांदेखत म्हणाले होते की, हे संगणकांचे काम बाहेरच्या कंपनीला दिले तर काय हरकत आहे. वायरमनच्या नोकरीची पाच वर्षे उरली होती. त्याने लिहिले: ‘यंत्र तपासले. दोष आढळला नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा होता. खाली त्याने सही केली, तारीख घातली.

साहेबांनी दोघांना बोलावले.

“बाई, हे म्हणतात मशीन चांगलं आहे. मग?”

बाईंनी वायरमनकडे पाहिले. वायरमन पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

“मग मीच उशीर करत असेन, साहेब,” बाई म्हणाल्या.

पुढच्या सकाळी त्याने “किती झाल्या?” असे विचारले नाही.

बाळंतपण दिवसांच्या आधीच झाले. फोन आला तेव्हा बाईंच्या नावावर पाच रजा होत्या आणि बाळ काचेच्या पेटीत होते. पाच रजांत जाऊन लगेच परतावे लागले असते, म्हणून केलेला जास्तीच्या रजेचा अर्ज साहेबांनी परत पाठवला. हजेरीचा रेकॉर्ड बरा नाही, असा शेरा होता. दोन दिवस बाईंनी शेरा बदलायची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी निवृत्तीला दोन वर्षे असताना त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला आणि गाडी पकडली.

सोमवारी वायरमनला चिठ्ठी आली: बाईंचे खाते बंद करणे.

त्यासाठी आधी त्यांचे नाव विभागाच्या यादीतून काढायचे होते. विभागात एके काळी पाच माणसे होती. एकेक जाऊन गेली सात-आठ वर्षे बाई एकट्याच उरल्या होत्या. नाव काढताच यादी रिकामी झाली. ती पुसण्याआधी तिला काय काय जोडलेले आहे, ते त्याने सहज उघडून पाहिले. एक छोटी आज्ञावली होती. ती या विभागाच्या माणसाने पासवर्ड टाकला की आधी चालायची, आणि ती संपल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. विभागाची जुनी कागदपत्रे असलेला सर्व्हर शोधायचा. सापडला नाही तर मिनिटभर थांबून पुन्हा शोधायचा. असे पंचवीस वेळा. वर टीप होती: ‘हा सर्व्हर सकाळी उशिरा उठतो. घाई करू नये.’

टीप वायरमनची होती. तेव्हा तो तरुण होता आणि त्याला विनोद सुचत असत.

तो सर्व्हर त्यानेच सहा वर्षांपूर्वी काढून भंगारात दिला होता. ही आज्ञावली काढायची राहिली. तेव्हापासून रोज सकाळी बाईंच्या नावाने कुणीतरी भंगारात गेलेल्या यंत्राचे दार पंचवीस वेळा ठोठावत होते. बाई कोठीवाल्याच्या टेबलावर बसल्या, तेव्हाच हे समजायला हवे होते. टेबल बदलले, यंत्र बदलले, उशीर बाईंबरोबर गेला. म्हणजे दोष यंत्रात नव्हता, बाईंच्या नावामागे लावून दिलेल्या कशात तरी होता. शिकाऊ पोरालाही कळले असते. पण त्या दिवशी तो हसत होता.

त्याने आज्ञावली पुसली आणि सगळे लिहून काढले. शेवटी लिहिले, ‘दोष माझा’, आणि कागद साहेबांकडे नेला.

“छान शोधलंत,” साहेब म्हणाले. “पण आता त्या विभागात कोणी नाही ना? मग झालं. आणि ही शेवटची ओळ काढा, उगाच रेकॉर्डवर कशाला?”

“राहू द्या, साहेब.”

“तुमची मर्जी.” कागद फाइलीत गेला आणि फाइल कपाटात गेली, रजिस्टराशेजारी.

सहा आठवड्यांनी बाई आपले सामान न्यायला आल्या. सवयीने सव्वानऊलाच दारात हजर. सामान म्हणजे खुर्चीवरची उशी, चष्म्याचे घर आणि एक कप.

“बाळ कसं आहे?” वायरमनने विचारले.

“आलं पेटीतून बाहेर. मी पोचले तेव्हा चार दिवसांचं होतं. चार दिवस पोरगी एकटीच काचेपुढे बसून होती.” त्यांनी कप कागदात गुंडाळला. “झबलं मोठं झालं त्याला. उसवून लहान करतेय.”

वायरमनने तिथेच उभ्या उभ्या सगळे सांगितले. भंगार, पंचवीस वेळा, टीप, सगळे.

“म्हणजे मशीन नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मीही नव्हते.”

“नाही. मी होतो.”

गुंडाळलेला कप पिशवीत ठेवत त्यांनी विचारले, “आता किती वेळ लागतो?”

“बसा, दाखवतो.”

बाई आपल्या खुर्चीत बसल्या. त्यांचे खाते आता नव्हते. वायरमनने चाचणीसाठी त्याच विभागात घातलेले एक खोटे नाव टाकले, पासवर्ड टाकला. ठिपके फिरू लागले. बाईंचा हात आपसूक पिशवीत गेला. सुई हाताला लागायच्या आत पडदा उघडला. कोपऱ्यात हिरवी अक्षरे आली: ‘हजेरी नोंदली. वेळेत.’

बाईंनी ती वाचली. मग पिशवीतला हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि खुर्चीवरची उशी उचलायला त्या उठल्या.