ब्रिजिटने केलेला फोन

२०२२ साल होतं. त्याच वर्षी आमच्या इलिनॉय राज्यात नवा नियम आला, की मन थकलं म्हणूनही मुलांना वर्षातून पाच दिवस रजा मिळेल.

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. मक्याच्या शेतांमधल्या एका शाळेच्या कचेरीत, विल्माबाईंच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं काढली. मूल येणार नसेल तर सकाळी आठच्या आत घरून कळवायचं आणि कारण सांगायचं, अशी रीत होती. ताप, दात, पोट. नवा नियम आला, तरी आईबापांची जीभ जुनीच राहिली.

ब्रिजिटची आई डार्लीन तीन सोमवार सांगत राहिली, "पोट बिघडलंय तिचं."

"पुन्हा पोट? अगं, रांधतेस तरी काय?" विल्माबाई हसल्या. डार्लीनही हसली. तिच्या मागे घरात कुणी मुसमुसत होतं. ते मी ऐकलं, पण मला कुठे सांगता येतं! खरं कारण नोंदलं असतं, तर नव्या नियमाप्रमाणे दुसऱ्याच रजेनंतर शाळेच्या समुपदेशक रोशेलबाई मुलीला भेटल्या असत्या. पोटासाठी कोण भेटणार?

चौथ्या सोमवारी ब्रिजिटनेच फोन केला. "मी ब्रिजिट. मी आज येत नाही."

"मुलांचा फोन चालत नाही गं. आईला सांग करायला."

सवयीनं विल्माबाई मला खाली ठेवू लागल्या. बोटभर अंतर उरलं, तेव्हा माझ्यातून बारीक आवाज आला, "आई कामावर गेलीय. पोट कधीच दुखत नव्हतं. मला नाहीसं व्हावंसं वाटतंय."

त्यांनी मला पुन्हा कानाशी नेलं. "मी इथंच आहे. बोलू नकोस हवं तर, पण ठेवू नकोस." दुसऱ्या हातानं नाव लिहून त्यांनी कागद रोशेलबाईंपुढे धरला. रोशेलबाई गाडीची किल्ली घेऊन तिच्या घराकडे धावल्या.

एकोणीस मिनिटं. बाकीचे फोन वाजत राहिले. मध्येच ब्रिजिट अगदी गप्प झाली. विल्माबाईंच्या घामानं मी ओला झालो.

"ब्रिजिट? कुत्र्याचं नाव काय गं तुझ्या?"

मग, "वॅफल."

"काय बाई नाव! कुणी ठेवलं?"

"मीच."

तेवढ्यात तिकडे दाराची घंटा वाजली आणि वॅफल भुंकू लागला.

ब्रिजिटवर दोन वर्षं उपचार चालले. तिची शाळा यंदा पूर्ण झाली. डार्लीन आता शेजारणींना स्वतःची चूक न लाजता सांगते. रोशेलबाई दुसऱ्या गावी गेल्या, विल्माबाई निवृत्त झाल्या. रजा आता मोबाइलवर कळवतात, म्हणून मी कपाटात आहे.

मित्रांनो, दुखतंय ते मन असेल, तर मनच म्हणा. आणि ऐकणाऱ्यांनो, एवढ्यात फोन ठेवू नका.