भट्टी कुणी बंद करायची

वडिलांचे गुडघे गेले आणि कपबशांचा कारखाना ताईच्या गळ्यात पडला. सगळे कामगार तिला ताईच म्हणत; भट्टी सांभाळणारा तिचा सख्खा मामासुद्धा. तिथली जुनी रीत अशी, की भट्टी बंद करायची वेळ आली की प्रत्येकाने भिंतीतल्या भोकातून आत डोकावायचं आणि आपलं मत द्यायचं. वडील सगळ्यांचं ऐकून घेत आणि मग स्वतः ठरवत. ताईने या रीतीतला पहिला अर्धा भाग तेवढा उचलला.

पहिल्या भट्टीला ती सगळ्यांचं एकमत व्हायची वाट बघत बसली. कुणाचं मन दुखवायला नको ना! झाला बारभाईंचा कारभार. आच जास्त लागून कपांवरची झिलई ओघळली आणि कप फळ्यांना असे चिकटले, की हातोडीने फोडून काढावे लागले. हॉटेलवाल्याने गोड बोलून बजावलं, की पुन्हा असं झालं तर तो दुसरीकडे बघेल. आणि दुसरं मोठं गिऱ्हाईक तर नव्हतंच. म्हणजे कारखान्याला कुलूप.

आज दुसरी भट्टी होती. भोकाच्या आत मातीची एक छोटी सुळकी उभी केलेली असे. ती वाकली की आच पुरली असं समजायचं. ताईने डोळा लावला. सुळकी अर्धवट वाकली होती, म्हणजे दोन्ही बाजूंनी भांडायला सोय. मामा म्हणाला, अजून पाव तास. नक्षी काढणाऱ्या बाई म्हणाल्या, आत्ताच बंद करा. पॅकिंगवाल्याचं म्हणणं, थोरल्या साहेबांना फोन लावावा. मग सगळे तिच्याकडे बघत राहिले.

मामाने तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, आणि चारचौघांत त्याचाच शब्द मोडायचा होता.

"मामा, गॅस बंद कर."

"नक्की?"

"कर. बिघडलं तर माझ्यामुळे बिघडलं."

भट्टी निवायला दुसरा दिवस उजाडला. दार उघडलं तेव्हा वरच्या फळीवरचे काही कप जरा फिके होते, बाकी सगळे लखलखीत. ताईने एकावर टिचकी मारली, तो खणखणीत वाजला. तिचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यांना तिथे काय तोटा!

मामा मात्र खोक्यावर बसून पंच्याने तोंड पुसत होता. ताई जवळ गेली. तुझं ऐकलं नाही म्हणून रागावलास का, असं तिने विचारलं.

"राग कसला गं? दाजींनाही मी दरवेळी पाव तासच सांगायचो. ते कधी ऐकायचे, कधी नाही. ठरवणारे ते होते, म्हणून मी बिनघोर बोलायचो. मागच्या खेपेला मी अडून बसलो आणि तू माझ्यासाठी थांबलीस. ते कप फोडताना मला वाटलं, ताईचा कारखाना मी बुडवला. तेव्हापासून घास गोड लागला नाही मला. आज घरी जाऊन पोटभर जेवणार."