वीस मिनिटं उकळलेली बरणी

मी एक जुनी बरणी आहे, मित्रांनो. मिठाची नव्हे, साखरेची नव्हे, खमिराची. हे आधीच सांगून टाकते, कारण घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं माझं झाकण उघडलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. मला त्याचा फार राग येई. अहो, ज्या पावाचे तीन-तीन तुकडे तुम्ही मिटक्या मारत खाल्लेत, तो काय आकाशातून पडला?

खमीर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. पीठ आणि पाणी कालवून ठेवायचं आणि त्याला रोज थोडं थोडं पीठ खायला घालायचं. दहा-बारा दिवसांत ते जीव धरतं. ते फुगतं, बुडबुडे सोडतं, आंबूस वास देतं. मग त्यातले चार चमचे पावाच्या पिठात मळले की पाव फुलतो. उरलेल्यात पुन्हा पीठ-पाणी घातलं की ते पुढच्या आठवड्याला तयार. अशा रीतीनं ते वर्षानुवर्षं जगतं. त्याचं मागणं फार थोडं असतं. त्याला उपाशी ठेवायचं नाही आणि उकळत्या पाण्याजवळ न्यायचं नाही.

माझा जन्म एका कुंभारणीच्या हातून झाला. तिनं मला नीट घडवलं, पण भाजताना माझं तोंड जरासं वाकडं झालं आणि झाकण एका बाजूला उचललेलं राहू लागलं. दुकानात कुणी मला घेईना. शेवटी एक शिंपीणबाई आल्या. त्यांनी झाकण दोनदा काढून लावून पाहिलं आणि म्हणाल्या, हीच हवी, खमिराला श्वास घ्यायला फट लागते. माझ्या व्यंगाचं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी त्या दिवसापासून त्या बाईची झाले.

त्या घरात तीन माणसं होती. शिंपीणबाई म्हणजे चिंगीची आई. चिंगी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. आणि चिंगीचे बाबा. ते रुग्णालयात कामाला होते. शस्त्रक्रियेची हत्यारं जिथं उकळून, वाफवून निर्जंतुक करतात, त्या खोलीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. कात्र्या, चिमटे, वाट्या, सगळं त्यांच्या हातून जाई. त्यांनी पास केलेल्या ताटात एक जंतू सापडायचा नाही, असं तिथल्या परिचारिका म्हणत. घरी आले की ते कोपरापर्यंत हात धुवत आणि मगच टेबलाशी बसत.

माझ्या पोटातलं खमीर चिंगीच्या आजीचं होतं. आजी गेल्या तेव्हा आईनं माहेराहून दुसरं काहीच आणलं नाही, फक्त एका वाटीत झाकून हे आणलं आणि माझ्यात ओतलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं मी ते सांभाळलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्वच होता.

आता त्या घरातली शिस्त ऐका. दर रविवारी सकाळी आई कपडे बेतायच्या खाकी कागदाची एक पट्टी कापायची आणि पेन्सिलीनं तिच्यावर आठवड्याचं जेवण लिहायची. सोमवारी मसुराचं सूप, मंगळवारी भात आणि दोडका, बुधवारी अंडी, गुरुवारी सोमवारचं उरलंसुरलं नव्या रूपात. शुक्रवारपुढे नेहमी एकच ओळ असे, "जे असेल ते, कुरकुर नको." शनिवारी पाव. आणि बुधवारच्या खाली, बारीक अक्षरात, "बरणीला पीठ." पट्टी कपाटाच्या दारावर टाचणीनं लागे. सात दिवसांत तिच्यावर तेलाचे डाग पडत आणि रविवारी ती केराच्या टोपलीत जाई.

बाबांनी ती पट्टी कधी वाचली नाही. ती नाकासमोर लटकत असताना रोज संध्याकाळी ते आत डोकावत आणि विचारत, "आज काय?" आई म्हणायची, "तुमच्या डोक्यावर लिहिलंय बघा." ते हसत, पण मान वर करत नसत. ही त्यांची रोजची गंमत होती आणि दोघांनाही ती आवडत असे. पाव तर ते देवाघरचं देणं असल्यासारखा खात. शनिवारी त्यांची कामाची पाळी असे. ते घरी येत तोवर पाव भाजून, गार होऊन, फडक्यात गुंडाळलेला असे. तो कसा होतो, कशानं फुगतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि आईनंही सांगितलं नाही. बत्तीस वर्षं तेवढा एक विषय निघायचा राहून गेला.

चिंगी मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. आई तिला दर खेपेला म्हणायची, एक शनिवार माझ्यासोबत पीठ मळ, मग बरणी तुझी. चिंगी म्हणायची, पुढच्या वेळी नक्की. तिला पाव हवा असे, शिकायला मात्र सवड नसे. मी फळीवरून ऐकत असे आणि मनात म्हणत असे, ये गं बाई एकदाची.

मग आई आजारी पडली. आजार अंगात कधीचा दबा धरून होता. कळलं तेव्हा तिला तातडीनं दाखल करावं लागलं. अकरा दिवस ती रुग्णालयात होती. तिथून तिनं चिंगीला फोन केला आणि या वेळी पहिल्यांदाच हट्ट धरला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी ये, म्हणाली, पाव शीक आणि बरणी घेऊनच जा, मला ती तुझ्या घरात बघायची आहे. चिंगीनं लगेच रजा टाकली. बाबांना आई रोज सांगे, कपाटावरचा कागद बघत जा. ते हो म्हणत. त्यांना वाटे, ती जेवणाचंच बोलतेय, आणि जेवण त्यांना कुठं जात होतं.

घरी पाठवायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, हिच्या अंगात आता रोगाशी लढायची ताकद उरलेली नाही. घरात जंतू नकोत, बुरशी नको, नासलेलं-आंबलेलं काही नको. मित्रांनो, हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं फार तर फरशी पुसली असती. पण हे ज्याला सांगितलं, त्याचा सारा जन्म जंतू मारण्यात गेला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या माणसाला बायकोसाठी काहीतरी करता येण्यासारखं सापडलं होतं.

ते घरी आले, बाह्या वर केल्या आणि स्वयंपाकघर रिकामं केलं. फळ्या धुतल्या, डबे घासले, सुऱ्या उकळल्या. मग फ्रिज उघडला आणि आईनं जाण्याआधी फळीवरून काढून आत ठेवलेली मी त्यांना मागच्या बाजूला दिसले. त्यांनी झाकण काढलं. आत फसफसलेलं, वर करडं पाणी सुटलेलं, आंबूस वासाचं काहीतरी होतं. ते स्वतःशीच हळहळले, बिचारीच्या आजारपणात हे नासूनच गेलं. त्यांनी मला मोरीत उपडं केलं.

मी ओरडले, पण बरणीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? बत्तीस वर्षांचं, आजीच्या हातचं माझं लेकरू नळाच्या पाण्याबरोबर निघून गेलं. नंतर त्यांनी मला मोठ्या पातेल्यात ठेवलं, तडकू नये म्हणून आधी गार पाणी घातलं, मग आच लावली. पाणी खळखळायला लागल्यावर घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली. माझ्या वाकड्या काठाखाली जे थोडं चिकटून वाचलं होतं, तेही गेलं. किती काळजीनं ते मला पुसत होते, हे आठवलं की आजही मला त्यांच्यावर धड रागावता येत नाही.

सोमवारी आई घरी आली. भिंतीला धरत धरत आधी स्वयंपाकघरात आली. बाबा औषधं आणायला खाली गेले होते. तिनं फ्रिज उघडला, मग फळी पाहिली आणि चकचकीत मला पाहिलं. तिनं आत बोट घातलं. मी कोरडी ठाक होते. ती ओट्याला धरून खूप वेळ उभी राहिली. मग रडली. आजारपण कळलं त्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

जिन्यात बाबांची पावलं वाजली तशी तिनं तोंड धुतलं. बाबा आत आले आणि मोठ्या उमेदीनं सगळं दाखवू लागले. हे बघ डबे, हे बघ सुऱ्या, आणि ही तुझी बरणी, किती खराब झाली होती.

आई म्हणाली, "छान केलंत हो. माझं तोंड दिसतंय तिच्यात."

बाबांचा चेहरा किती उजळला म्हणून सांगू. त्यांनी मला उचलून तिच्यासमोर ओट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर आईनं माझ्यात दोन चमचे पीठ आणि पाणी कालवलं. चिंगी यायला अकरा दिवस होते. जेमतेम जमण्यासारखं होतं. तिनं नवी पट्टी कापली, जेवणं लिहिली आणि रोजच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, "बरणी, दिवस पहिला. बरणी, दिवस दुसरा." घास तिच्या पोटात जात नव्हता, पण मला घास घालायला ती रोज उठली. चौथ्या दिवशी दोन बुडबुडे आले. ती हसली आणि मला म्हणाली, चल, लाग कामाला. पाचव्या-सहाव्या दिवशी ते पुन्हा मंदावलं. नव्या खमिराचं असंच असतं, तिला ते ठाऊक होतं. सातव्या दिवशी तिनं बसूनच पीठ कालवलं, कारण उभं राहवत नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी तिला पुन्हा रुग्णालयात नेलं. ती परत आली नाही.

पुढचे दिवस मी काय सांगू? घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. चिंगी धावत आली, ठरल्या शनिवारच्या आधीच. मी ओट्याच्या कोपऱ्यात झाकलेली होते आणि माझ्या पोटात तिच्या हातचं शेवटचं पीठ उपाशी होतं. कुणाला दोष देऊ? माणसंच जेवत नव्हती, तिथं बरणीला कोण विचारणार?

पाहुणे गेल्यावर एका दुपारी चिंगी कपाटाशी आली आणि तिनं पट्टी वाचली. बरणी, दिवस पहिला. तिला कळेना. आजीच्या खमिराला पहिला दिवस कुठला? तिनं बाबांना विचारलं. ते म्हणाले, कोणतं खमीर? आणि मग त्यांनी सरळपणे सगळं सांगितलं. आत काहीतरी नासलं होतं, ते फेकलं, बरणी वीस मिनिटं उकळली, आईलाही आवडलं, छान केलंत म्हणाली.

चिंगी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बघून बाबा बोलायचे थांबले. मग तिनं त्यांना समजावून सांगितलं, अगदी हळू आवाजात. पाव कसा होतो ते. बुधवारच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलेलं असायचं ते. तिला कशासाठी बोलावलं होतं ते.

बाबांनी माझं झाकण उघडलं. आत पिठावर गुलाबी रेघा आल्या होत्या. चिंगी म्हणाली, राहू दे, मी हेच नेते, आईनं कालवलंय हे. पण असली रेघ त्यांनी आयुष्यभर ओळखली होती. ते म्हणाले, "नाही बाळा. हे आता खरंच नासलंय."

पहिल्यांदा नकळत आणि दुसऱ्यांदा कळून, दोन्ही वेळा त्यांनाच मला रिकामं करावं लागलं. या वेळी त्यांनी मला उकळलं नाही. कोमट पाण्यानं धुतलं आणि कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. चिंगीनं मला नेलं नाही. रिकामी बरणी नेववेना, म्हणाली.

आता मी फळीवर असते. बाबांच्या आठवड्याला पट्टी नाही. रोज शुक्रवार असल्यासारखं, जे असेल ते खातात. रविवारी मला खाली काढून पुसतात. परवा पुसता पुसता थांबले आणि त्यांनी मला विचारलं, "ती रागावली होती का गं माझ्यावर?"

मला माहीत आहे, मित्रांनो. त्या सोमवारी मीच तर तिच्या हातात होते. हो, रागावली होती. ओट्याला धरून उभी राहिली ती रागानंच. मग तिनं मला पोटाशी घेतलं आणि म्हणाली, "वेडा माणूस. माझ्यासाठीच केलं ना सगळं." एवढंच त्यांना ऐकायचं आहे. ते फक्त मी ऐकलंय, आणि मला सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. घरात रोज तुमच्यासाठी जे होतं, ते कसं होतं, ते करणाऱ्याला विचारा. दारावर कागद लावलेला असेल तर मान वर करून वाचा. आणि कुणी तुमच्यावर रागावलंय का, हा प्रश्न मनात असेल तर आजच त्या माणसाला विचारा. बरणीला विचारायची वेळ स्वतःवर आणू नका.