तापण्याआधी जिंकलेला डाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते विचारू नका. वयाचा विषय निघाला की माझा पंखा शिट्टी मारतो. एका चष्मेवाल्याच्या घरी, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर माझा मुक्काम होता. आता टेबल सुटलं, पण घर सुटलं नाही. ते कसं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. चष्मेवाल्याचा मेहुणा संगणक दुरुस्त करतो. कुणाचा पंखा, कुणाची डिस्क, कुणाचा खोका, असे सुटे भाग जमवून त्याने मला उभं केलं आणि बहिणीच्या घरी आणून ठेवलं. सुरुवातीला माझे फार लाड झाले. अंगावर कपडा घातला जायचा, आल्यागेल्याला मला दाखवलं जायचं. पुढे तोच कपडा हात पुसायला गेला आणि आलेगेले माझ्यावर पेले ठेवू लागले. कौतुक हे माणसं उधारीवर देत नाहीत. नवं असताना काय ते रोख पदरात पाडून घ्यावं.

माझं मुख्य काम म्हणजे एक खेळ. चष्म्यांचं दुकान बंद करून आला की चष्मेवाला माझ्यावर जुन्या राज्यांचा डाव मांडायचा. एक चाल आपण करायची, मग शेजारच्या दोन राजांनी. दोघांच्या राजधान्या घेतल्या की जिंकलो. इतकं साधं. पण हा गृहस्थ लढाईला निघायचाच नाही. आधी कोठार, मग ग्रंथालय, मग तट, मग तटाबाहेर आणखी एक तट. सैनिकांना त्याने गिऱ्हाइकांची नावं दिली होती, त्यामुळे एखादा मेला की त्याचा जीव कळवळायचा. लगेच साठवलेला जुना डाव उघडून तो त्याला जिवंत करायचा. इकडे नकाशा गावांनी आणि फौजांनी गच्च भरायचा. दर चालीला त्या सगळ्यांची उठाठेव मला करावी लागायची. तोफांचं युग आलं की मी तापून बंद पडायचो. एकही डाव कधी पुरा झाला नाही आणि दोष अर्थातच माझा. नाचता येईना अंगण वाकडं. अंगणाला बिचाऱ्याला तोंड कुठे असतं?

त्याची बायको त्याच खोलीत कपडे शिवते. कापड पसरायला तिला टेबल हवं होतं. एका सुट्टीच्या सकाळी तिने भावाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, याचे कामाचे भाग काढून घे, उरलेलं भंगारात घाल. ज्याने मला जोडलं, तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. चष्मेवाल्याने दहा सबबी सांगितल्या. भाऊजी, नवा घ्या की, म्हणून मेहुण्याने समजूत घातली. अखेर चष्मेवाला काकुळतीला आला. एवढा एक डाव जिंकू द्या, मग खुशाल न्या, म्हणाला.

"अहो, तुम्ही डाव जिंकत नाही, सांभाळत बसता," बायको म्हणाली. "बरं. जेवणाच्या आत जिंकून दाखवा, हा घरातच राहील. पण मेलेल्याला उठवायचं नाही."

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या एका माणसाच्या बोटांवर आलं, आणि त्या बोटांनी पहिली गोष्ट कोणती करावी? कोठार बांधायला घेतलं. दुसरी, ग्रंथालय.

बायकोने कात्री खाली ठेवली. "दुकानात गिऱ्हाइकाला विचारता ना, ही काच स्पष्ट की ती? दोन्ही स्पष्ट म्हणणाऱ्याचं काय करता?"

"एक निवडायला लावतो."

"मग?"

चष्मेवाला खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने ग्रंथालय रद्द केलं, कोठार अर्धवट सोडलं आणि घोडेस्वार तयार केले. जवळच्या राजाने अजून तट बांधला नव्हता. पहिल्याच चकमकीत एक स्वार पडला. हात सवयीने जुन्या डावाकडे गेला, मध्येच थांबला. "गेला बिचारा. चांगलं गिऱ्हाईक होतं," तो म्हणाला आणि पुढची चाल केली. पहिली राजधानी पडली.

दुसरी मात्र तटाच्या आत होती आणि तटावर घोडे चालत नाहीत. त्या राजाने मोठी फौज बाहेर काढून जिंकलेल्या शहरावर पाठवली. एरवी आमचा वीर सगळं सैन्य घेऊन शहर राखायला धावला असता. या वेळी त्याने शहर तसंच उघडं ठेवलं आणि स्वार डोंगराआडून लांबच्या वाटेने नेले.

एवढ्यात माझा पंखा शिट्टी मारू लागला. मेहुण्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला की हा आता टिकत नाही. आणि मला घालवायला निघालेली तीच बाई उठली. तिने भावाकडून स्क्रूड्रायव्हर घेतला, माझं बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन माझ्याकडे वळवला. मग ती वाकून आत बघतच राहिली. माझ्या पंख्याभोवती सुताचे आणि कापडाच्या तंतूंचे गोळे बसले होते. निळे, गुलाबी, पिवळे. तिच्याच शिवणाचे.

"हे माझंच की सगळं," ती हळूच म्हणाली. तिने चिमट्याने एकेक गोळा उपसला. पंखा मोकळा झाला. मला वाटलं, कुणीतरी गळ्यावरचा हात काढला.

फौज बाहेर, वेशीवर एकटा रखवालदार. स्वारांनी त्याला लोळवलं आणि वेशीतून आत गेले. दुसरी राजधानी पडली आणि पडद्यावर एक चित्र उमटलं: सकाळचं ऊन पडलेलं शहर, उघडे दरवाजे, फुलं उधळणारी माणसं. विजयाचं ते चित्र इतकी वर्षं माझ्या पोटात होतं. ते कुणाला दाखवायची वेळच आली नव्हती. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. नंतर मेहुणा जेवायला काय आहे ते विचारू लागला, तेव्हा मी निर्धास्त झालो.

आता टेबल बाईंचं आहे. मी कापडापासून दूर, भिंतीवरच्या फळीवर असतो. माझं झाकण अधूनमधून उघडतात आणि ते उघडायला बाई स्वतः येतात. चष्मेवाल्याला आता लवकर जिंकायची चटक लागली आहे. त्यामुळे मी तापत नाही आणि घरात जेवणं गरम होतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू धापा टाकत असेल. तिला म्हातारी म्हणा, खुळखुळा म्हणा, आमची तक्रार नाही. पण घराबाहेर काढण्याआधी एकदा तिचं झाकण उघडून आत डोकावा. तिच्या गळ्याशी अडकलेलं कदाचित तुमचंच काही असेल.