वेन्डेलचा बाक

माझा सासरा वेन्डेल हॉस्टेटलर याला आम्ही पॉपकॉर्नच्या बादलीत घालून गसलँडला नेलं, याला मी जबाबदार नाही. मी पहिल्यापासून थर्मासच्या बाजूने होते.

पण थर्मास गेटवर उघडायला लावतात, असं माझा नवरा डग म्हणाला. उघडल्यावर काय सांगणार, सूप आहे? मग त्याने सँडविचच्या पिशवीचं सुचवलं. ते माझ्या सासूने, वर्नाने, जागच्या जागी उडवून लावलं. इतकी वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याला ती हॅमच्या तुकड्यासारखं नेणार नव्हती. शेवटी फडताळातून मागच्या वर्षीची बादली निघाली. गस नावाच्या टोपीवाल्या मगरीचं हिरवं प्लास्टिकचं डोकं, जबडा उचलला की आत पॉपकॉर्न. गसलँड या करमणूक पार्कमध्ये दर तिसऱ्या माणसाजवळ ही बादली असते. एकदा विकत घेतली की पॉपकॉर्नच्या कुठल्याही गाडीवर पुन्हा पुन्हा भरून मिळते, म्हणून लोक घरून निघताना एक वेळ औषधं विसरतील, पण मगर विसरणार नाहीत. गेटवरच्या माणसाने मगरीच्या कपाळावर टिचकी मारली आणि मजा करा म्हणाला. वेन्डेल आत गेला.

माणसाची राख तिथे टाकायला सक्त मनाई आहे. सापडलात तर हाकलून देतात आणि पुन्हा कधी आत घेत नाहीत. पण वर्नाचं ठरलेलं होतं. ओंडक्यासारख्या होडीत बसून उंचावरून पाण्यात कोसळायची एक राईड आहे, गसचा धबधबा. तिच्यासमोर एक हिरवा बाक आहे. आम्ही वीसेक वर्षं दर मार्चमध्ये ओहायोहून फ्लोरिडाला येतोय आणि वीसेक वर्षं वेन्डेल त्या बाकावर बसलाय. आमच्या पर्सा, चष्मे, कॅमेरे आणि अर्धवट खाल्लेल्या टर्कीच्या तंगड्या सांभाळत. एका वर्षी माझा पाय मुरगळला म्हणून मी त्याच्याशेजारी बसले, तेव्हा मला कळलं की आमचा ओंडका खाली यायला लागला की तो टोपी उंचावून दाखवायचा. वर बसलेले सगळे डोळे मिटून किंचाळत असतात, त्यामुळे ती टोपी कुणी कधी पाहिली असेल असं वाटत नाही. त्या बाकामागच्या झुडपात त्याला ठेवायचं, त्याची जागा तीच, असं वर्ना म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं परतीचं विमान होतं.

आता, गसलँडमध्ये झुडूप गाठायचं म्हणजे गंमत नाही. आमच्या हॉटेलपासून मोठ्या गेटपर्यंत बस, गेटपासून तळ्यापलीकडे बोट, आणि तिथून पुढे चालत. वर्नाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, म्हणून तिच्यासाठी बसून चालवायची बॅटरीची गाडी भाड्याने घेतली होती. या गाड्या सगळ्या लाल, सगळ्यांना पुढे तारेची टोपली. म्हणून लोक ओळखीला काहीतरी बांधतात, फुगा, रिबीन, कुणी तर नवऱ्याचा मोजा. डगने खास केशरी रिबीन आणली होती, आमच्या टी-शर्टांच्या रंगाची. तिघांच्याही छातीवर ‘हॉस्टेटलर फौज’ असं छापलेलं होतं.

वर्ना म्हणाली, “मी काय विमानतळावरची बॅग आहे? काढ ते.”

डगने काढलं. आईपुढे त्याचं चालत असतं तर आम्ही एकदा तरी समुद्रावर गेलो असतो.

वर्नाला गाडी पुढे नेता यायची, मागे नाही. बसचा ड्रायव्हर उतरून चढायची फळी लावायचा, सगळ्यांच्या आधी तिला चढवायचा आणि पट्ट्यांनी गाडी जमिनीला बांधायचा. या सगळ्याला इतका वेळ लागायचा की बाहेर उन्हात उभी असलेली रांग आमच्याकडे दात ओठ खात बघत बसायची. वर्ना त्यांच्याकडे बघून राणीसारखा हात हलवायची. बोटीवर चढताना तिने एका माणसाच्या घोट्यावरून गाडी नेली आणि सॉरी म्हणायचं सोडून त्याला चपला कसल्या घातल्यात म्हणून सुनावलं. मांडीवर मगर, आत वेन्डेल.

तळ्यापलीकडे उतरल्यावर डग आणि मी टर्कीच्या तंगड्यांच्या रांगेत उभे राहिलो आणि वर्ना स्वच्छतागृहाकडे गेली. तिथे दाराबाहेर लाल गाड्यांची रांग लागलेली असते. तिने आपली गाडी लावली, मगर टोपलीत ठेवली, पर्सही ठेवली. मग पर्स तेवढी उचलून घेतली. मगर तिथेच. मागाहून मी विचारलं, तुम्ही त्याला तिथे सोडलंत कसं? ती म्हणाली, तो होता ना लक्ष ठेवायला. वीस वर्षांची सवय, बाथरूमला जाताना सामान वेन्डेलपाशी ठेवायचं.

पण गसलँडचे कामगार त्या गाड्या तशा पडू देत नाहीत. वाट अडली की ढकलून पुन्हा नीट ओळीत लावतात. वर्ना बाहेर आली, आपण जिथे लावली होती तिथली लाल गाडी घेतली, टोपलीत मगर आहे हे पाहिलं आणि निघाली.

आम्ही धबधब्याजवळ पोहोचलो. हिरवा बाक रिकामा होता. वर्नाने गाडी थांबवली आणि डोळे पुसायला रुमाल शोधू लागली. डग बाजूला उभा राहून धबधब्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याने सवयीने मगरीचा जबडा उचलला, आत हात घातला आणि मूठभर तोंडात टाकलं.

डगचे गाल हलायचे थांबले. चेहरा पांढराफटक पडला. गिळावं की थुंकावं, यातलं वडिलांना काय जास्त लागेल, याचा तो विचार करत असावा. मग हळूहळू पुन्हा चावायला लागला.

“कॅरमल आहे,” तो म्हणाला.

आधी आम्हाला इतकं हायसं वाटलं की मी हसायलाच लागले. मग कळलं. कॅरमल आहे म्हणजे वेन्डेल नाही. वेन्डेल कुणाच्या तरी गाडीवर बसून गसलँडमध्ये फिरतोय. आणि त्या गाडीवाल्याला कधी ना कधी पॉपकॉर्न खावंसं वाटणार.

“भरून देतील त्याला,” वर्ना म्हणाली. “वरपर्यंत भरतील आणि लोणी ओततील.”

मी तिला इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. वेन्डेल गेला त्या दिवशीसुद्धा तिने आधी नर्सला चादर नीट घालायला लावली होती.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर डग गेला. तिथल्या मुलीने बादलीत काय होतं विचारलं. राख म्हटलं तर आम्हालाच बाहेर काढतील, म्हणून हा पठ्ठ्या म्हणाला, पॉपकॉर्न. ती म्हणाली, खायचे पदार्थ आले तर संध्याकाळी कचऱ्यात जातात, पण काळजी नको, नवीन भरून घ्या. डग परत आला तेव्हा त्याच्या हातात फुकट पॉपकॉर्नची पिशवी होती. वर्नाने त्याच्याकडे कसं पाहिलं ते मी लिहीत नाही.

आम्हाला मिळालेल्या गाडीवर मात्र हॉटेलची चिठ्ठी चिकटवलेली होती. पाइन लॉज, प्रुडोम. आमच्या गाडीवरही अशीच चिठ्ठी होती, पण वर्नाने ती खरवडून काढली होती, कारण कुणी आपलं आडनाव वाचलेलं तिला आवडत नाही. लॉजला फोन केला. पाहुण्यांचा नंबर आम्ही देत नाही, असं एका गोड आवाजाने तीनदा सांगितलं. वर्ना म्हणाली, मग आपण जाऊ.

पाइन लॉज आमच्या बाकावरून दिसतं. झाडांच्या वर त्याचं छप्पर आहे. आणि तिथे जायला सरळ रस्ता नाही. गसलँडमध्ये कुठूनही कुठेही जायचं तर आधी मोठ्या गेटवर यावं लागतं. म्हणजे पुन्हा बोट, पुन्हा फळी, पुन्हा पट्ट्या. वाटेत पॉपकॉर्नची जी जी गाडी दिसली तिथे वर्ना थांबली आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या मगरीत डोकावली. एका बाईने पोरांना जवळ ओढून घेतलं. गेटवर डगने आम्हाला खात्रीने चुकीच्या बसमध्ये चढवलं, ती वाहनतळाला वळसा घालून परत तिथेच आली. ड्रायव्हरने पट्ट्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. बाहेरची रांग तीच होती. या वेळी वर्नाने हात हलवला नाही.

लॉजच्या दारात आम्ही बसलो तेव्हा ऊन कलत होतं. लोक परतत होते, भाजलेले, लंगडणारे, झोपलेली पोरं खांद्यावर टाकलेले. शेवटी एक लाल गाडी आली. वर एक आडव्या बांध्याचा म्हातारा, मागून चालणाऱ्या दोन नाती, आणि त्याच्या मांडीवर मगर. मगरीला त्याने आपल्या कमरेचा पट्टा काढून गाडीच्या दांड्याला बांधलं होतं, म्हणून उठताना एका हाताने पँट धरून उठला. वर्नाचा चेहरा पाहूनच त्याला कळलं असावं. त्याने टोपी काढली.

“तुमचे का हे?” त्याने विचारलं.

वर्नाने मान हलवली.

त्याचं नाव क्लोव्हिस प्रुडोम, लुईझियानाचा. दुपारी नाती खायला मागायला लागल्या म्हणून तो पॉपकॉर्नच्या गाडीवर गेला होता. तिथल्या पोरीने जबडा उचलला, आत पाहिलं आणि हळूच मिटून परत त्याच्या हातात दिला. म्हणाली, साहेब, यांना भरता येणार नाही. मग त्याने स्वतः पाहिलं. खिडकीवर द्यायला निघाला होता, पण संध्याकाळी काय होतं हे त्यालाही ठाऊक होतं. आमच्या गाडीवर नाव नाही, हॉटेल नाही. तेव्हा त्याने ठरवलं की आपल्या गाडीवर लॉजची चिठ्ठी आहे, ज्याचा माणूस आहे तो तिथे येईल. तोवर नातींचं सगळं ठरलेलं होतं. पाळणा, भुताचा वाडा, नदीतली नाव, गसचा धबधबा.

“तुम्ही त्याला धबधब्यावर नेलंत?” वर्ना म्हणाली.

तो ओशाळला. “काय करणार, बाई? बाहेर एक बाक होता. म्हटलं, कुणाचा तरी माणूस आहे. त्याला बाकावर एकटा बसवून मी मजा करायला कसा जाऊ?”

धाकट्या नातीने पिशवीतून फोटो काढला. ओंडका कोसळतो तेव्हा तिथला कॅमेरा सगळ्यांचे फोटो काढतो. पुढे दोन्ही मुली, मागे डोळे गच्च मिटलेला क्लोव्हिस, आणि त्याच्या छातीशी मगर, डोळे सताड उघडे.

आमच्या घरी जिन्याजवळ असे फोटो ओळीने लावलेत. दरवर्षीचा एक. एकातही वेन्डेल नाही.

वर्ना तो फोटो किती तरी वेळ बघत राहिली. मुलगी म्हणाली, ठेवा तुम्हाला. वर्नाने तो पर्समध्ये ठेवला, क्लोव्हिसचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याला त्याचं कॅरमल परत दिलं. थोडं कमी होतं. डगने माफी मागितली.

हॉटेलकडे परतताना पट्ट्यांनी बांधलेली वर्ना खिडकीबाहेर बघत होती. अर्ध्या वाटेवर म्हणाली, “मी त्याला कधी विचारलंच नाही, ट्विला. तुला बसायचंय का म्हणून. पहिल्या वर्षी पर्स त्याच्या हातात दिली आणि तो बसला. मला वाटलं, त्याला आवडतं.”

“आवडतही असेल,” मी म्हणाले.

“असेल. पण मी विचारलं नाही.”

मला वाईट वाटलं, आणि मला तिच्याबद्दल सहसा वाईट वाटत नाही.

सकाळी आम्ही पुन्हा निघालो. बस, बोट, फळी, पट्ट्या. डगने झुडपाजवळ पहाऱ्याला कोण थांबणार ते ठरवून ठेवलं होतं. पण बाकाशी आल्यावर वर्नाने झुडपाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गाडीवरून उतरली आणि गुडघे सांभाळत बाकावर बसली, बरोबर मधोमध.

“पर्स दे,” ती मला म्हणाली. “चष्मा दे. डग, तुझी टोपी आणि ती तंगडी इकडे आण.”

सगळं तिने मांडीवर रचून घेतलं. मग मगर माझ्या हातात दिली.

“याला जवळ धर. आणि डोळे मिटू नकोस.”

ओंडका वर चढला. वर पोहोचल्यावर तो जरासा थांबतो. आजवर मी तिथे कधी डोळे उघडे ठेवले नव्हते. तिथून तळं दिसतं, लॉजचं छप्पर दिसतं, आणि खाली अगदी समोर तो बाक दिसतो. पर्सांच्या ढिगाऱ्याआडून वर्ना वर बघत होती. तिने डगची टोपी हातात घेतली आणि उंच धरली.

मी वेन्डेलला दोन्ही हातांनी वर उचललं, तिला दिसेल असं. मग आम्ही खाली आलो.